‘ण’चं शेपूट

भांडी बाजाराच्या तोंडाशी, जिन्याखाली माझं टेबल :
तराजू, भिंग, डबीत खडूची पूड
आणि छापील फॉर्म. वस्तू, धातू, वजन, काळ, किंमत.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कुणी वाचत नाही.

पिंगळे बंब घेऊन आले रिक्षातून,
आजारी माणसाला आणावं तसा मांडीवर धरून.
“वाटण्या चालल्यात. फक्त आकडा सांगा.”

बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला.
सांधा दातेरी, पत्र्यात पत्रा अडकवलेला.
मठार दाट, ठोक्याला ठोका भिडून,
बुडाकडे मात्र हात दमलेला.
गळ्याशी पूड चोळली, तशी ठिपक्याठिपक्यांतून वर आली अक्षरं :
चि. सौ. कां. सगुणा हीस मामांकडून.

नाव घातलेलं भांडं. गिऱ्हाईक बिचकतं, दर पडतो.
मी मात्र तो ‘ण’ पाहून खुर्चीत सरळ झाले.
काठीच्या तळाशी डावीकडे वळलेलं शेपूट,
मांजर दारातून निघून जाताना शेवटी दिसतं तेवढंच.

अकरा वर्षं मी या शेपटामागे आहे.
पंचवटीतलं घंगाळ, मखमलाबादची परात,
सातपूरला कुंडी म्हणून वापरलेली कळशी, त्यात कोरफड.
त्रेचाळीस भांडी, एकच हात.
वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर दाखवून सांगितलं :
मोडी लिहिणाऱ्या कारागिराची ही सवय, देवनागरीत उतरलेली.
टाळ्या पडल्या. चहा झाला.

शनिवारी मनपा शाळेची पोरं येतात, घरची वाटी-तांब्या घेऊन.
त्यांना तेच शिकवत होते,
तर मागून मुश्ताक कल्हईवाले म्हणाले,
“बाई, दगडूला कुठं वाचता येत होतं?
चिठ्ठीवर असेल ते ठोकायचा.
एकदा चिठ्ठी उलटी धरली, तर नावही उलटं ठोकलं,
मालकानं तो गडू घरी ठेवून घेतला.
चिठ्ठ्या मालकाची बहीण लिहायची,
आत, तागडीच्या खोलीत बसून. शेपूट तिचं.”

तिचं नाव?
ते आठवेनात. डोकं खाजवलं, टोपी काढली,
“सगळे तिला आतली म्हणायचे.”

पुढच्या शनिवारी पोरांना सांगितलं, मी चुकले होते.
त्यांना फार आनंद झाला.
रुद्राक्षी जाधव म्हणाली, मग भांडं कुणाचं?
मी खिळे वाटले, तांब्याची कात्रणं वाटली.
एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ठोकायचं, वाचायचं नाही.
वरच्या पतपेढीतून शिपाई आला : आवाज बंद करा.

पिंगळ्यांच्या फॉर्मवर किंमत भरली. अठरा हजार.
शेऱ्यात लिहिलं :
अक्षर एकीचं, घाव दुसऱ्याचा.
चिंचेनं घासू नये, ठिपके बुजतात.

पिंगळ्यांनी तो रकाना वाचला. पुन्हा वाचला.
“हे कोर्टात चालेल का?”
म्हटलं, आकडा चालेल.