डावी सीट

वजन कमी करायचं म्हणून
शनिवारी रात्री, कुर्ल्याच्या गॅरेजात
मीच काढली ती.
चार बोल्ट; एक गंजलेला,
रॉकेल पाजून पाजून सोडवला.

बेहराम खूश : "अकरा किलो गेले रे!
तिसऱ्या वळणावर अर्धा सेकंद नक्की."

ट्रॉम्बेची टेकडी.
तिसऱ्या वळणाखाली
आम्ही करवंदीतून ओरबाडत उतरलो.
हेराल्ड उताणी,
मागचं एक चाक
अजून चढत होतं.

पंधरवड्याने खोर्शेद आली.
हिशेबाची वही मी पुढे केली,
तिने पाहिलीही नाही.
कोपऱ्यातल्या त्या सीटवरची
धूळसुद्धा न झटकता बसली,
समोरच्या भिंतीकडे बघत.

मग उजवा पाय
फरशीवर घट्ट दाबला,
शेजारी बसणारी माणसं
नसलेला ब्रेक दाबतात तसा.

आणि उचललाच नाही.