पावाच्या पिशवीतले तीन

करारातलं कलम अकरा:
परसात कुठलाही बदल करू नये.
परस म्हणजे बारा फरश्या, गटाराची एक जाळी
आणि दगडी भिंत,
हडर्सफील्डच्या गिरण्यांनी काळी केलेली.
गिरण्या गेल्या. काळेपण राहिलं.

बादलीला कोणी बदल म्हणत नाही,
असं मी ठरवलं
ते डोरीन हेपवर्थने भिंतीवरून
पावाच्या पिशवीत तीन कंद दिले तेव्हा.
आल्यासारखे गाठाळ,
कुणी घाईत वळलेल्या मुटक्यांसारखे.

"जेरुसलेम आर्टिचोक," ती म्हणाली.
जेरुसलेमचे नव्हेत, आर्टिचोकही नव्हेत.
ना त्या गावचे, ना त्या कुळाचे.
सूर्यफुलाची मावसभावंडं, अमेरिकेच्या मातीतली,
चुकून पडलेलं नाव
मुकाट वागवणारी.

"जमिनीत लावू नकोस मात्र. निघत नाहीत.
क्लिफर्ड गेला, ते राहिले."

क्लिफर्ड तिचा नवरा.
टेकडीवरची त्याची ॲलॉटमेंट आता दुसऱ्या कुणाकडे आहे.
तो माणूस दर नोव्हेंबरात खणतो, शिव्या देतो,
आणि बादलीभर कंद हिच्या दारात आणून ठेवतो:
तुमच्या यजमानांचे, घ्या.
"टपाल येतं त्याचं," डोरीन म्हणते.

मी कचऱ्याच्या जुन्या डब्याला तळाशी सात भोकं पाडली.
पाणी साचलं तर कुजतात.
खापऱ्या, माती, शेणखताची एक विकतची पिशवी,
चार बोटं खोल एकेक कंद,
आणि मग रात्रपाळी, रात्रपाळी, रात्रपाळी.

जूनमध्ये कमरेला लागले.
ऑगस्टमध्ये भिंतीपलीकडे बघू लागले.
एका वादळी रात्री डब्यासकट आडवे झाले,
तेव्हा ड्रेसिंग गाऊनच्या नाडीने
त्यांना पाइपाला बांधलं.
गाऊन अजून उघडाच आहे.

एजंट आला, गॅरेथ सगडन, हातात पॅड.
मान वर करून म्हणाला, हे काय?
म्हटलं, कुंडी.
त्याने डब्याला बुटाने ढकलून पाहिलं.
हलतं?
हलतं.
मग त्याने लिहिलं: काढून नेता येण्याजोगं.
मी उलट्या बाजूने वाचलं.
माझ्या व्हिसाच्या कागदातही
असंच काहीतरी आहे, जरा लांबलचक भाषेत.

फुलं आली ती ऑक्टोबरात,
सगळ्यांचं फुलून झाल्यावर.
शेवंतीएवढी, पिवळी, थोडी ओशाळलेली.

मग हिमाने पानं काळी केली. दांडे कापले.
डबा फरशीवर उलटा केला,
आणि घसरत, गडगडत एक्केचाळीस.
मी दोनदा मोजले.
एक जाळीपर्यंत गेला, तो पायाने अडवला.

काचऱ्या केल्या, पातळ, सालीसकट.
हिंग दुप्पट, ओवा तिप्पट,
कारण हे कंद वातुळ, आणि दोन घरांमधली भिंत
तेवढी जाड नाही.
डोरीनने दोनदा वाढून घेतल्या.
"क्लिफर्डला हे माहीत असतं," ती म्हणाली,
"तर आमचा संसार जरा शांततेत झाला असता."
आम्ही इतक्या हसलो की ठसका लागला.

मग सिंककडे बघत, ताटली विसळत:
"यंदा बादली आली नाही.
त्याने सगळीकडे काळं प्लॅस्टिक अंथरलंय.
वरून खडी."

नळ चालू होता.
मी बंद केला.

बियाण्याचे तीन बाजूला काढले होते,
त्याच पिशवीत, पावाचा चुरा अजून तळाशी.
पुढे केले.
तिने दोन घेतले, तिसरा परत माझ्या हातात दाबला.
"हा ठेव. नाहीतर उद्या माझे गेले
तर मी मागू कुणाकडे?"

क्लिफर्ड ज्यात बिअर आंबवायचा ती बादली
माळ्यावर होती. पांढरी, झाकणासकट.
ड्रिल मी घेऊन गेले.
पहिलं भोक पाडताना तिने डोळे मिटले,
दुसऱ्याला मिटले नाहीत.
झाकण तिने पुसून
फडताळात उभं करून ठेवलं.