एकास बारा

फुजैऱ्यात, बंदराच्या ऑफिसाला
तीन पायऱ्या होत्या, संगमरवरी.
मीच बसवल्या होत्या सहा वर्षांपूर्वी,
नाकं गोल घासून.
यंदा वर्की फोरमन म्हणाला, फोड.
नवा माणूस येतोय कामाला, चाकाच्या खुर्चीवरून.

फोडल्या.
आपलंच काम फोडताना हातोडा जरा हलका पडतो.

नकाशात ढाळ लिहिला होता: एकास बारा.
एक इंच चढायला बारा इंच चालायचं.
काय ही जागेची उधळपट्टी!
मी एकास नऊ केला. मोजतंय कोण?

खलफान मोजणारा निघाला.
पहिल्या दिवशी, सकाळी सातला,
पांढराशुभ्र कंदुरा, मांडीवर डबा,
अर्ध्या चढावर थांबला चाकं आवळून.
मी धावलो ढकलायला.
हात काढ, म्हणाला.
आजोबा कापड आणायला मुंबईला जायचे,
त्यांच्याकडून आलेल्या हिंदीत म्हणाला,
"मी रोज येणार इथे, पगार घेणार.
तू रोज असशील का माझ्या मागे?"

मग सरकून बाकावर बसला,
आणि खुर्ची माझ्याकडे लोटली. बस.
चार फूट चढलो, मागे घसरलो.
दाराशी अर्ध्या इंचाची कड होती,
जी मी उभा असताना कधी नव्हती.
दार बाहेर उघडत होतं, थेट गुडघ्यांवर.
बेल वर, सलाम ठोकायच्या उंचीवर.

पाटीवर त्याच्यासारख्यांसाठी एक शब्द होता,
त्यानं वाचून दाखवला: अस्हाब अल हिमम.
मी ऐकलं, हिंमत.
म्हटलं, हा तर आमचा शब्द.
हसला. "गलबतातून गेला असेल.
पण हिंमत आहे रे माझ्याकडे.
मला ढाळ हवाय."

रात्री आठ जणांच्या खोलीत
झोप येईना.
कुंदाची देवरुखच्या पतपेढीत मुलाखत होती,
बी.कॉम., पहिला वर्ग, निळी साडी, कुबड्या.
ऑफिस माडीवर. सतरा पायऱ्या.
शिपाई खाली येऊन गेला, चहा खाली आला,
साहेब काही खाली आले नाहीत.
मी म्हणालो, चल, पाठीवर घेतो.
ती म्हणाली, नोकरी मला हवी आहे,
तुझ्या पाठीला नको.

आमच्याकडे म्हणतात, पायरी ओळखून राहावं.
ती ओळखून होती. सतरा.

(वरच्या पलंगावरचा सदाशिव
गेल्या साली मचाणावरून पडला.
त्याला उतार नाही मिळाला, विमानाचं तिकीट मिळालं.
हे मी खलफानला सांगितलं नाही.
वर्कीला सांगून उपयोग नव्हता.)

आठवडाभर पुन्हा तेच काम.
साडेबारा ते तीन उन्हात बंदी,
तेवढं सोडून सगळा वेळ.
एकास बारा. मधे वळण,
वळणावर दम खायला सपाट जागा.
कड घासून घासून कागदाएवढी.
सिमेंट जास्त गेलं म्हणून वर्की कुरकुरला.
खलफान सरळ चढून गेला,
थांबला नाही, बोलला नाही,
त्याला उशीर होत होता.
त्याची ती घाई मला फार आवडली.

रविवारी कुंदाला फोनवर दाखवला.
तीन दुकानांच्या वह्या लिहिते ती, घरी बसून.
चष्मा वर सारून म्हणाली, ढाळ किती?
सांगितला.
हिशेबाला तिला कागद लागत नाही.
"सतरा पायऱ्या, सात-सात इंचांच्या.
एकशे एकोणीस फूट उतार होईल रे!
रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात शिरेल."
हसली. मग थोडं थांबून,
"त्यापेक्षा एक टेबल खाली आणायचं होतं."

मागून कुणीतरी तिला हाक मारली, वही हवी होती.
ती उठली, कुबड्यांचा आवाज आला.
माझ्या नखांत अजून पांढरं ग्राउट होतं,
मी ते खरवडत बसलो.