नावात फरक, व्यक्ती एक

ताटभर तांदळात अंगठीनं मी लिहिलं होतं
मैथिली.
आवशीची निवड. दाणे सरकत होते,
थ नीट उमटलाच नाही,
भटजी म्हणाले, चालतंय.
ग्रामसेवकानं लग्नपत्रिकेतून तेच उचललं
आणि दाखल्यावर शिक्का मारला.

पासपोर्टवर मात्र ती दर्शना तारी.
नर्सिंगच्या कागदांवर, ग्रीन कार्डावर,
तिकडच्या हॉस्पिटलात गळ्यातल्या बिल्ल्यावर
दर्शना तारी.
मग तुमची पत्नी नक्की कोण,
असं एका ई-मेलनं विचारलं, फार सभ्यपणे.

मालवणात नोटरीकडे पाचशेचा स्टँपपेपर:
'सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
याबाबत वाद उद्भवल्यास सर्वस्वी मी जबाबदार.'
सही केली. वाद घालायला
माणसं समोरासमोर लागतात.
आम्ही नांदलो एकूण त्रेपन्न दिवस,
तेही दोन खेपांत. बाकीची पावणेचार वर्षं
सर्जेकोटच्या जेटीच्या टोकाला,
जिथे रेंजची दीड काडी येते.

लग्न खरं आहे याचा पुरावा मागितला,
म्हणून आमचं बोलणं छापून काढलं. एकशे अकरा पानं.
झेरॉक्सवाला गावडे वाचत नव्हता,
पण वाचत होता.
कुडाळच्या भाषांतरवाल्या बाई म्हणाल्या,
'अहो, यात जेवलंस? हेच दोनशेवेळा आहे.
एकदा इंग्रजी करते,
पुढे वरीलप्रमाणे लिहिते.
पैसे कशाला वाया घालवता?'
मी म्हटलं, नको,
प्रत्येक वेळचं वेगळं करा.

रात्रीच्या गाडीनं मुंबई, भांडुपला चुलतभावाकडे अंघोळ,
इस्त्रीचा शर्ट. फोन बाहेर टपरीत ठेवला.
आत बोटांचे ठसे.
यंत्र म्हणे, पुन्हा. पुन्हा म्हणे, पुन्हा.
सोळा वर्षं ट्रॉलरची इंजिनं उघडतोय,
डिझेलनं रेघा पुसत आणल्यात.
काचेपलीकडच्या पोरीनं ओला कागद सरकवला.
अंगठा पुसला तर कागद काळा झाला,
आदल्या दिवशी तीनदा साबण लावूनही.

उजवा हात वर. खरं सांगीन.
साहेबीणबाई तरुण होत्या, दुभाष्याचं मराठी पुस्तकी.
कुठे भेटलात, वऱ्हाडी किती, तिची पाळी दिवसाची की रात्रीची,
सगळं पाठ होतं, सगळं सांगितलं.
मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले,
मैथिली आणि दर्शना,
आणि विचारलं:
यातल्या कुठल्या नावानं तुम्ही तिला हाक मारता?

मी तयारी केली होती तिच्या वाढदिवसाची,
सासऱ्यांच्या मधुमेहाची, लग्नातल्या मेन्यूची.
ही नाही.
तोंडात एकही नाव येईना.
'गो,' मी म्हटलं.
'काय गो. जेवलंस गो. इतकंच.'
दुभाषी घुटमळला. त्याचा गाव घाटावरचा असणार.
त्यानं काय सांगितलं कळलं नाही,
बऱ्याच शब्दांत सांगितलं.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या,
मग बराच वेळ टाईप करत राहिल्या.

पासपोर्ट ठेवून घेतला.
ठेवला म्हणजे चांगलं,
असं फोन परत देताना टपरीवाला म्हणाला.
वीस रुपये घेतले त्यानं.

आवस पडवीत बांगड्याची पोटं साफ करत होती.
'काय इचारल्यानी?'
'नाव इचारल्यानी.'
'मगे? सांगलंस?'
'सांगलंय.'
'इतक्यासाठी मुंबयेक बोलावल्यानी?'

जरा वेळानं, मान खालीच:
'नि थंय तुका बाबलो म्हणान कोण हाक मारतलो?'

माझ्या पासपोर्टवर निशिकांत आहे.
त्या नावानं मला अजून कोणी बोलावलेलं नाही,
शाळेतल्या हजेरीत सोडून.

जेटीवर 'जय भराडी'चं इंजिन खोललेलं पडलंय.
खवणेकरांच्या पोराला शेजारी बसवलं,
म्हटलं, आधी नुसता आवाज ऐक,
कुठे अडतंय ते तो सांगतो.
पोरगा कान लावून बसला.
फोन वाजला. तिकडे आता पहाट असेल,
पाळी सुटली असेल.
हात काळे होते, कोपरानंच उचलला.