वरची बाजू

कपाट मिळालं जुन्या बाजारात, बुधवारी:
सात ड्रॉवरचं, हिरवं, एका खांद्याला पोचा.
विकणारा म्हणाला, माथा नाही, म्हणून नऊशे.
माथा असता तर परवडलं नसतं, काका.

माथा म्हणजे वरचं लाकूड,
ज्यावर काम होतं.
ते कुणीतरी आधीच काढून नेलेलं,
बोल्टांची चार भोकं तेवढी आ वासून.

टेम्पोतून धनकवडीला आणलं,
पार्किंगमध्ये उभं केलं, माझी स्कूटर
आणि पाण्याची मोटर यांच्या मध्ये.
सेक्रेटरी पोंक्षेबाईंनी दोनदा विचारलं, किती दिवस?
मी म्हटलं, माप घेतोय.
माप घेणाऱ्या माणसाला सहसा कुणी उठवत नाही.

लाकूड होतं माझ्याकडे.
गच्चीवर, टाकीच्या मागे, अकरा वर्षं ताडपत्रीखाली
पाइनच्या सहा फळ्या,
भोसरीला नवं मशीन ज्या खोक्यातून आलं, त्या खोक्याच्या.
पहारीनं ते मीच उघडलं होतं,
साहेबांनी नारळ फोडायच्या आधी.
मशीननं आम्हा चौघांचं काम घेतलं.
खोकं कुणालाच नको होतं.

एका फळीवर अजून काळा बाण आहे
आणि परक्या लिपीतली दोन अक्षरं.
अक्षरं लागत नाहीत. बाण सगळ्यांना कळतो:
ही बाजू वर.

इरफान शिकलगार आला रविवारी,
माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान.
रंध्याचं पातं असं लावून आणलं
की मनगटावरचे केस न विचारता गेले.
एक फळी पालथी, एक उताणी, असं तो मांडत गेला.
म्हणजे वाकल्या तरी
एकमेकींचं वाकणं खाऊन टाकतील.
बाण? मी म्हटलं, रंधून काढ.
तो म्हणाला, राहू द्या खालच्या अंगाला,
कोण वाकून बघतंय.

सरस, सहा शिकंजे (चार उसने),
आणि रात्रभर ओलसर हवेत काही न करणं,
जे मला सगळ्यात अवघड गेलं.
भोकं मुद्दाम लांबट ठेवली.
श्रावणात लाकूड फुगतं,
बोल्टानं त्याला सरकायला जागा द्यावी.
मग जवसाचं तेल, तीन हात,
आणि पार्किंगभर असा वास
की पोंक्षेबाई विचारायला येऊन
नुसत्याच उभ्या राहिल्या.

जमीन तिथली पाण्यासाठी उतरती.
माथा माणसासाठी सपाट हवा.
चार पायांखाली चार वेगळ्या जाडीचे पत्रे,
पाणसळीतला बुडबुडा मधे आला, थांबला.
मला एवढ्यावर थांबता येईना.
डायल काढला. तीस वर्षं मायक्रॉनमध्ये जगलोय.
मधोमध चाळीस शतांश खोल.
इरफान हसला: सर, यावर पाणी साठवायचंय का?

तो गेल्यावर बेअरिंगची एक गोळी ठेवून पाहिली.
ती थांबली, जणू पत्ता आठवत होती,
मग निघाली. बाणाच्या दिशेनं नाही,
उलटही नाही. तिरपी, सावकाश,
फाटकाकडे.
कडेला पडायच्या आत मी हात लावला.

मंदाकिनी चहा घेऊन खाली आली होती.
सगळं बघितलं तिनं.
म्हणाली, माझ्या ओट्याला एवढी पाणसळ लावली असतीत
तर कढई आजवर भिंतीकडे सरकली नसती.
सत्तावीस वर्षं हातानं ओढून घेतेय.

मला माहीतच नव्हतं.

नव्या माथ्यावरचं पहिलं काम ते:
उरलेल्या पाइनचा तुकडा,
एका टोकाला चार मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला शून्य.
वर गेलो, शेगडीचा डावा पाय उचलला,
पाचर आत सारली.
तिनं कढई ठेवली, तेल ओतलं.
तेल मधेच राहिलं.
ती मोहरी शोधत होती,
मी तेलाकडे बघत.