कुठेही न जाणारा जिना

चावी हवी असेल तर
कोपऱ्यावरच्या निळ्या दाराची कडी वाजवायची.
मिसेस थर्टल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून
वाटाण्याच्या बियांची पाकिटं बाजूला सारत
ती काढून देतात: वीतभर लांब, हातोडीसारखी जड.
"आधी डावीकडे फिरवा, मग उजवीकडे, मग दाराला खांदा द्या.
आणि हो, बादलीला अडखळू नका."

बादली मधल्या वाटेवरच आहे.
छपराचं शिसं चोरीला गेलं त्या नोव्हेंबरपासून
तिथेच, थेंब मोजत.
दाराशी दुरुस्तीच्या निधीचा तक्ता, थर्मामीटरच्या आकाराचा;
लाल रंग अजून गुडघ्याच्या वर चढलेला नाही.

भिंती गारगोट्यांच्या.
आत काळ्याभोर, वर चुनखडीची साय.
या मुलखात दगडाची खाण नाही;
कोपऱ्यांपुरता घडीव दगड नदीतून होडीने आला,
बाकी सगळं नांगराला लागून वर आलेलं.
लोकर विकून गब्बर झालेल्या कुणा व्यापाऱ्याने
खिडक्या रुंद करून घेतल्या,
आणि त्यांच्याच खाली बायकोशेजारी आडवा झाला.
पितळेतलं त्याचं नाक पुसून पुसून गेलंय.
छताला ओकचे देवदूत. पंखांत छर्रे.
कावळे हाकलायला कुणी आतच बंदूक चालवली, म्हणतात.

पण मला सांगायचंय ते उत्तरेच्या भिंतीतल्या दाराविषयी.
दार कसलं, फट.
खांदे तिरके करून शिरावं लागतं.
आत तेरा पायऱ्या, मधोमध पन्हळीसारख्या झिजलेल्या,
वळत वळत वर जातात
आणि संपतात.
समोर हवा.

इथे एके काळी लाकडी सज्जा होता,
त्यावर क्रूस, एका बाजूला रडणारी आई,
मेणबत्त्यांची रांग.
मग राजाचा हुकूम आला.
हिशोबाच्या वहीत एवढंच:
सज्जा उतरवल्याबद्दल थर्स्टन गेझ, सुतार, दोन शिलिंग.
बिअर, चार पेन्स.
चाळीसेक पानं मागे गेलं तर
तोच सज्जा कोरल्याचे पैसे घेणारा
हॅमंड गेझ.
बाप असावा. वही सांगत नाही.
बिअर कुणासाठी, तेही नाही.

दर ईस्टरच्या आधी
मिसेस थर्टल झाडू घेऊन तो जिना चढतात,
एक्याऐंशीव्या वर्षीही.
घंटा वाजवणारा लायनेल खाली उभा राहून ओरडतो,
त्या ऐकत नाहीत.
कावळ्यांनी आणून टाकलेल्या काड्या पोतंभर निघतात.

गेल्या वर्षी शेवटच्या पायरीवर जरा टेकल्या.
छर्रे लागलेले देवदूत अगदी डोळ्यांच्या रेषेत.
आणि गुडघ्याशी, दगडी उंबऱ्यावर,
काड्यांखाली,
चाकूच्या टोकाने ओरखडलेले
एकात एक तीन चौकोन, मधून रेघा.
आपल्याकडे लेण्यांच्या ओसरीत असते ना,
तीच नवकांकरी.

मेणबत्त्या लावायला पाठवलेली पोरं असणार.
खाली लॅटिनमध्ये काहीतरी लांबलचक चाललेलं,
वर दोघं, हसू दाबत, खडे सरकवत.
कुणाचा तरी डाव अर्धा राहिला असेल,
हॅमंडच्या वेळी, किंवा थर्स्टन करवत घेऊन आला त्या सकाळी.

मिसेस थर्टलनी ॲप्रनच्या खिशातून
एक तपकिरी बटण काढलं,
एका कोपऱ्यावर ठेवलं
आणि झाडू घेऊन खाली आल्या.
गावात कुणाला बोलल्या नाहीत.
मला बोलल्या, कारण मी परका,
आणि फक्त चावी परत करायला आलेलो.

यंदा पुन्हा गेलो.
बटण दोन घरं सरकलेलं होतं, म्हणाल्या.
"कावळे असतील," मी म्हणालो.
"असतील की.
पण चाल चांगली होती."

मग चावी डब्यात, बियांवर ठेवली,
खिडकीतून आभाळाकडे पाहिलं
आणि विचारलं,
येताना बादली रिकामी केलीत ना?