डाव्या गालाचे गुण

सकाळी सहाला ते सातजण यायचे
दाढीचे खुंट घेऊन, उपाशी पोटी,
नेवाकाठच्या कारखान्याच्या तळमजल्यावर.
सात बेसिनं, सात आरसे, आणि माझी वही.
पात्यांवर नाव नसे. फक्त आकडा, मी घातलेला.
डाव्या गालाला एक पातं, उजव्याला दुसरं.
मग मी विचारायचे, ते गुण द्यायचे, पाचपैकी,
शाळेतल्यासारखे.

वरच्या मजल्यावर माझं भिंग होतं.
पाचशेपट मोठी केली की धार म्हणजे डोंगराची कड:
खाचा, ढलप्या, लेप कुठे चढलेला, कुठे राहून गेलेला.
लोक केसाने गळा कापतात.
आम्ही केसाने पातं तपासायचो.
एकच केस ताणून धरायचा,
तुटताना किती जोर लागला ते काट्यावर वाचायचं.
काटा खोटं बोलत नाही.
"पण काट्याला गाल नाही,"
मिरोन सावेलिच म्हणायचे, फेस घुसळत.

त्यांच्या दाढीच्या वेळी मी नळ बंद करायचे.
ते ऐकायचे.
चांगलं पातं बारीक कुजबुजतं, कोवळ्या बर्फावरून कुणी चालत गेल्यासारखं.
वाईट किरकिरतं.
"मुकं असेल त्याला भी, तायसिया,
ते न सांगता कापतं."
पहिल्या दाढीला ते गुण देत नसत.
नवं पातं पाहुण्यासारखं वागतं, म्हणायचे,
तिसऱ्या दिवशी कळतं घरात कसं आहे ते.
हनुवटीखाली, जिथे केस उलटे फिरतात,
तिथे उलटा हात मारायचे आणि डोळे मिटायचे.
"ओढतंय. तीन."
"गुळगुळीत आहे, पण आळशी. साडेतीन नसतं का? नसतं. तीन लिही."

पाच कधी, असं मी एकदा विचारलं.
"दाढी केली की नाही हे बसमध्ये बसल्यावर
हाताने चाचपून बघावं लागलं, तर पाच."
अकरा वर्षांत चारदा दिले होते त्यांनी. वहीत आहेत.

फेब्रुवारीत त्यांना झटका आला.
मे महिन्यात परतले, तोंड डावीकडे किंचित उतरलेलं,
टोपी मात्र तशीच तिरकी.
सोमवारी: डावा गाल, पाच.
मंगळवारी पाच.
बुधवारी त्यांनी आपण होऊन सांगितलं,
भट्टी सुधारली वाटतं, पोलाद चांगलं येतंय.
मी लिहीत गेले.

शुक्रवारी मी डावीकडच्या आकड्याखाली
फेकायच्या पेटीतलं पातं ठेवलं,
भिंगाशिवायही खाच दिसावी असलं.
का ठेवलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.
वहीसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"पाच," ते म्हणाले.
आणि पांढऱ्या फेसातून एक लाल दोरा
सावकाश कॉलरकडे निघाला.
त्यांना तो आरशात दिसला. गालावर नाही.
बाकीचे सहाजण खरवडत होते, खाकरत होते.
त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ, दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं.
"पेटीतलं?"
मी मान हलवली.
"मग लिही. डावा गाल: शून्य.
पात्याला नको. गालाला."

आता रविवारी मी ट्राम बदलून त्यांच्याकडे जाते.
उजवा गाल ते स्वतः करतात.
डावा मी, दोन बोटांनी कातडी ताणून धरून.
आयुष्यभर धार पाहिली, पण ती हातात कशी कळते
हे आत्ता शिकतेय, साठीला आल्यावर:
मुठीपर्यंत येते ती बारीक अडखळ,
केस आधी वाकतो, मग तुटतो.
मी नळ बंद करते.
ते वाट पाहतात.
"काय म्हणतंय?"
"ओढतंय जरा. कानाजवळ."
"तीन?"
"साडेतीन."
"साडेतीन नसतं!" ते ओरडतात,
अर्ध्या तोंडानं, फेसासकट.